सरासरीच्या सावलीत

नवी दिल्ली : अधिवेशन काळात लोकसभेच्या यादीत दररोज २० तारांकित आणि २३० अतारांकित प्रश्न असतात. तारांकित प्रश्नांपैकी सभागृहात प्रत्यक्ष चर्चा होते ती मोजक्याच प्रश्नांवर. उरलेल्यांची लेखी उत्तरे सभापटलावर ठेवली जातात. कुपोषण, बालमृत्यू किंवा उपचारांच्या खर्चावरील उत्तरांचा साचा बहुधा ठरलेला असतो. आधी योजनेचे नाव, मग तरतूद, त्यानंतर देशाची टक्केवारी आणि शेवटी 'राज्यनिहाय तपशील परिशिष्टात दिला आहे' हे वाक्य. राजकारण टक्केवारीवर होते, परिशिष्ट मात्र फारसे कोणी उलटत नाही.

२४ नोव्हेंबर २०२१ रोजी पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचे देशपातळीवरील निष्कर्ष जाहीर झाले तेव्हा याचाच प्रत्यय आला. २०१५-१६ मध्ये पाच वर्षांखालील ३८.४ टक्के बालकांची उंची वयाच्या मानाने खुरटलेली होती. २०१९-२१ मध्ये हे प्रमाण ३५.५ टक्क्यांवर आले. सरकारच्या दृष्टीने ही प्रगती होती. त्याच अहवालात सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या बालकांमधील रक्तक्षयाचे प्रमाण ५८.६ वरून ६७.१ टक्क्यांवर गेल्याचे दिसले. टीकाकारांसाठी ही पीछेहाट होती. आकडे दोन्ही खरे, अहवालही एकच. वाद मात्र संपूर्ण देशाच्या एकेका आकड्याभोवतीच फिरत राहिला. त्या आकड्याच्या खाली आणि वर नेमके कोण आहे, तो कोणत्या जिल्ह्यात किती दूरवर विखुरला आहे, हे प्रश्न दोन्ही बाजूंनी बाजूलाच ठेवले.

वास्तविक सरासरी हा कोणत्याही समूहाचा निम्माच परिचय असतो. त्या समूहातील माणसे सरासरीपासून किती दूर पसरली आहेत, हे समजल्याखेरीज तो पूर्ण होत नाही. संख्याशास्त्रात या पसाऱ्याच्या मापाला प्रमाण विचलन म्हणतात. शासनव्यवहारात मात्र सरासरीला मान आहे आणि विचलनाला जागा नाही. त्याचे परिणाम धोरणांपर्यंत पोहोचतात.

टोकाला असलेली मुले

पोषणाचीच आकडेवारी घ्यावी. उंचीच्या मानाने वजन कमी असलेल्या, म्हणजेच लुकड्या बालकांचे प्रमाण चौथ्या आणि पाचव्या सर्वेक्षणांच्या दरम्यान २१ वरून १९.३ टक्क्यांवर उतरले. पण त्यातील अतितीव्र गटाचे प्रमाण ७.५ वरून ७.७ टक्के झाले. दोन दशांशांच्या या फरकावरून वाढ झाली असे ठामपणे म्हणता येणार नाही. मात्र घट झालेली नाही, एवढे निश्चित म्हणता येते. याचा अर्थ स्पष्ट आहे. सीमारेषेजवळची काही मुले रेषेच्या वर आली, पण सर्वांत तळाशी असलेल्या मुलांपर्यंत ही सुधारणा पोहोचली नाही. मृत्यूचा धोका सर्वाधिक असतो तो याच मुलांना. अंगणवाडीतील सरसकट आहार आणि अतितीव्र कुपोषित बालकावरील उपचार ही दोन वेगळी कामे आहेत. त्यांना लागणारे मनुष्यबळ वेगळे आणि खर्चही वेगळा. केवळ एकूण टक्केवारी पाहणाऱ्या अधिकाऱ्याला हा फरक दिसणार नाही.

प्रौढांच्या बाबतीत पसारा दोन्ही दिशांनी वाढतो आहे. १५ ते ४९ वर्षे वयाच्या स्त्रियांमध्ये प्रमाणापेक्षा कृश असलेल्यांचा वाटा २०१९-२१ मध्ये १८.७ टक्के होता, तर प्रमाणापेक्षा जाड असलेल्यांचा २४ टक्के. एका टोकाला अपुरे अन्न, दुसऱ्या टोकाला मधुमेह आणि रक्तदाबाला आमंत्रण. या दोन्ही गटांची वजने एकत्र करून काढलेली सरासरी निकोप दिसू शकेल. ते निकोपपण दोन आजारांच्या बेरजेतून आलेले असेल.

भौगोलिक पसारा तर याहून बोलका आहे. नमुना नोंदणी पद्धतीनुसार २०२० मध्ये देशातील अर्भक मृत्युदर दर हजार जिवंत जन्मांमागे २८ होता. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने २०१९ पर्यंत गाठण्यासाठी ठरवलेला हाच आकडा. उद्दिष्ट वर्षभर उशिराने का होईना, साध्य झाले. पण त्याच वर्षी केरळचा दर ६ होता आणि मध्य प्रदेशचा ४३. मातामृत्यूंमधील दरी आणखी खोल आहे. २०१८-२० या काळात लाखामागे देशाची सरासरी ९७, केरळची १९, महाराष्ट्राची ३३ आणि आसामची १९५. आसाममधील गर्भवतीसमोरचा धोका केरळमधील स्त्रीच्या दहापट होता. ९७ हा आकडा या दोघींपैकी कोणाच्याच वाट्याला आलेला नव्हता.

महाराष्ट्राने या तक्त्यांकडे पाहून समाधान मानावे अशी स्थिती नाही. मातामृत्यू आणि अर्भकमृत्यूंत राज्य आघाडीवर असले, तरी लुकड्या बालकांचे प्रमाण चौथ्या सर्वेक्षणात २५.६ टक्के होते आणि पाचव्यातही तेवढेच राहिले. ते राष्ट्रीय सरासरीपेक्षा सहा टक्क्यांहून अधिक आहे. राज्यात ३६.१ टक्के बालके कमी वजनाची आढळली, तर नंदुरबार जिल्ह्यात हे प्रमाण ५७ टक्क्यांच्या घरात होते. सातपुड्यातील पाड्यावरचे मूल आणि पुण्यातील गृहसंकुलातले मूल एकाच भागाकारात आले की राज्याची सरासरी तयार होते. ती मुंबईत मांडली जाते, दिल्लीत वाचली जाते आणि तिच्या सावलीत नंदुरबार दिसेनासे होते.

रेषा कोणी आखली

कोणते मूल खुरटलेले मानायचे, हे ठरवणारी रेषाच मुळात विचलनातून आलेली आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २००६ मध्ये जाहीर केलेल्या वाढीच्या प्रमाणांनुसार, त्या वयाच्या निरोगी मुलांच्या मध्यकापेक्षा उंची दोन प्रमाण विचलनांहून अधिक कमी असेल, तर ते मूल खुरटलेले समजले जाते. तीन विचलनांहून कमी असेल, तर ते अतितीव्र गटात मोडते. निरोगी समाजातही सगळी मुले सारख्या उंचीची नसतात. तेथेही शंभरांत साधारण दोन मुले या रेषेखाली असतात, कारण काही मुले निसर्गतःच ठेंगणी असतात. भारतात शंभरांत ३५ आहेत. दोन आणि ३५ यांच्यातील अंतराचा खुलासा निसर्गाकडे नाही.

ही प्रमाणे परदेशी मुलांवरून ठरवली, असा आक्षेप संसदेच्या आवारातही अधूनमधून ऐकू येतो. वस्तुस्थिती तशी नाही. ज्या सहा देशांतील मुलांच्या मोजमापांवरून ती तयार झाली, त्यात ब्राझील, घाना, नॉर्वे, ओमान आणि अमेरिकेबरोबर भारतही होता. भारतातील केंद्र होते दक्षिण दिल्ली. तेथील सुस्थितीतील कुटुंबांच्या मुलांना स्तनपान, स्वच्छ पाणी आणि वेळेवर उपचार मिळाले, तेव्हा त्यांची वाढ अन्य देशांतील मुलांच्या जवळपास तशीच झाल्याचे आढळले. संसद भवनापासून काही किलोमीटरवर वाढलेली ही मुले आज जगाच्या मोजपट्टीचा भाग आहेत.

तरीही रेषेवरचा वाद संपलेला नाही. किंबहुना त्याचा इतिहास जुना आहे आणि त्यात मराठी माणसांचा वाटा मोठा आहे. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतील वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी १९७१ मध्ये भारतातील दारिद्र्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. माणशी दररोज २२५० उष्मांक मिळण्याइतपत खर्च करू न शकणारे गरीब, अशी कसोटी त्यांनी लावली. १९६०-६१ च्या आकडेवारीनुसार ग्रामीण भागातील सुमारे ४० टक्के आणि शहरी भागातील सुमारे ५० टक्के लोकसंख्या या रेषेखाली असल्याचे त्यांनी दाखवले.

या कसोटीला आव्हान दिले ते पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनी. सातारा जिल्ह्यातील बुध गावी १९११ मध्ये जन्मलेल्या सुखात्मे यांनी दिल्लीत भारतीय कृषी संशोधन परिषदेत संख्याशास्त्राची पायाभरणी केली होती. पुढे रोममधील अन्न आणि कृषी संघटनेत त्यांनी दीर्घकाळ संख्याशास्त्राची धुरा सांभाळली. त्यांचा मुद्दा सरळ होता. २२५० ही सरासरी गरज आहे, प्रत्येक माणसाची गरज नव्हे. गरज माणसागणिक बदलते, शिवाय एकाच माणसाची गरजही दिवसागणिक बदलते आणि शरीर काही मर्यादेपर्यंत त्याच्याशी जुळवून घेते. त्यामुळे सरासरीपेक्षा कमी खाणाऱ्या प्रत्येकाला उपाशी ठरवणे चुकीचे आहे. रेषा सरासरीवर न आखता तिच्यापेक्षा दोन प्रमाण विचलने खाली आखावी, असे त्यांचे म्हणणे होते. तसे केले की अपुऱ्या पोषणाच्या लोकांची संख्या एकदम कितीतरी कमी दिसते.

शास्त्रीय दृष्टीने सुखात्मे यांचा पहिला मुद्दा बिनतोड होता. सरासरी गरज ही सर्वांची किमान गरज मानली, तर पुरेसे खाणारी अनेक ठेंगणी-सडपातळ माणसेही उपाशी ठरतात. पण दांडेकर आणि आहारतज्ज्ञ सी. गोपालन यांच्यासारख्यांना दुसरी बाजू दिसत होती. गरिबाचे शरीर कमी अन्नाशी जुळवून घेते, हे खरे असले तरी त्याची किंमत ते खुरटलेल्या उंचीने आणि घटलेल्या श्रमशक्तीने मोजत असते. शिवाय रेषेखाली सापडलेला माणूस योगायोगाने कमी गरजेचा निघेल, असे मानण्यास आधार काय? गरज कमी म्हणून कमी खाणारा आणि मिळत नाही म्हणून कमी खाणारा, हे दोघे आहाराच्या तक्त्यात एकाच रकान्यात येतात. पुण्यातील या वादाची व्याप्ती लहान नव्हती. रेषा कुठे आखली जाते, यावर शिधा कोणाला मिळणार ते ठरणार होते.

२०१३ मध्ये अर्थतज्ज्ञ अरविंद पनगढिया यांनी जागतिक प्रमाणे भारतीय मुलांना लावण्यावर आक्षेप घेतला, तेव्हा हाच वाद नव्या रूपात उभा राहिला. पुढे ते निती आयोगाचे पहिले उपाध्यक्ष झाले. प्रमाण बदलले की कुपोषण कमी होते, पण केवळ कागदावर. मूल होते तेवढ्याच उंचीचे राहते.

दहाव्या रुग्णाचे बिल

उपचारांच्या खर्चाच्या बाबतीत सरासरी आणखी फसवी ठरते. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या ७५व्या फेरीनुसार २०१७-१८ मध्ये प्रसूती वगळता रुग्णालयात दाखल होण्याच्या प्रत्येक प्रकरणी सरकारी रुग्णालयात सरासरी ४,४५२ रुपये, तर खासगी रुग्णालयात ३१,८४५ रुपये खर्च येत होता. सात पटींचा हा फरक स्वतःच पुरेसा गंभीर आहे. पण ३१,८४५ हा आकडा म्हणजे खासगी रुग्णालयात जाणाऱ्या माणसाने तयारीत ठेवायची रक्कम, असे कोणी समजू नये.

समजा, एका रुग्णालयात दहा रुग्ण दाखल झाले. नऊ जणांना प्रत्येकी आठ हजार रुपये खर्च आला आणि दहाव्याला, कर्करोगावरील उपचारांसाठी, चार लाख २८ हजार. एकूण बेरीज पाच लाख, सरासरी ५० हजार. दहापैकी एकाचेही बिल ५० हजारांच्या आसपास नाही. सर्वांना चढत्या क्रमाने उभे केले तर मधल्याचा खर्च, म्हणजेच मध्यक, आठ हजार येतो. सर्वसाधारण रुग्णाचा अनुभव मध्यक सांगतो. दहाव्या कुटुंबाने शेत विकले की कर्ज काढले, हे मात्र सरासरीही सांगत नाही आणि मध्यकही नाही. त्यासाठी पसाऱ्याचे टोकच पाहावे लागते. म्हणूनच संयुक्त राष्ट्रांच्या शाश्वत विकास उद्दिष्टांत कुटुंबाच्या एकूण खर्चापैकी १० किंवा २५ टक्क्यांहून अधिक रक्कम आरोग्यावर गेलेल्या लोकसंख्येचे प्रमाण मोजण्याची पद्धत स्वीकारण्यात आली. या पद्धतीत सरासरी किती वाढली याला महत्त्व नसते, किती घरे बुडाली ते मोजले जाते.

सप्टेंबर २०१८ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री जन आरोग्य योजनेचे तर्कशास्त्र नेमके हेच आहे. कुटुंबामागे वर्षाला पाच लाखांपर्यंतचे संरक्षण हे त्या दहाव्या रुग्णासाठी आहे. उरलेल्या नऊ जणांच्या बाह्यरुग्ण तपासणीचा आणि रोजच्या औषधांचा भार मात्र तिच्या कक्षेबाहेर राहतो. त्यामुळे योजनेचे यशापयश सरासरी खर्चावरून ठरवणारे समर्थक आणि टीकाकार, दोघेही चुकीच्या पट्टीने मोजत असतात.

मोजण्यातली अनिश्चितता

लोकांमधला पसारा वेगळा आणि मोजमापातली अनिश्चितता वेगळी. पाचव्या सर्वेक्षणात ७०७ जिल्ह्यांतील सुमारे सहा लाख ३७ हजार कुटुंबांच्या मुलाखती झाल्या. देशाच्या आकड्यासाठी हा नमुना प्रचंड आहे. पण जिल्ह्याच्या वाट्याला सरासरी ९०० कुटुंबेच येतात आणि त्यातली पाच वर्षांखालील बालके काही शेच असतात. अगदी साध्या यादृच्छिक पद्धतीने ३०० बालके मोजली आणि ३५ टक्के खुरटलेली निघाली, तरी खरे प्रमाण ३० ते ४० टक्क्यांच्या दरम्यान कुठेही असू शकते. प्रत्यक्षात नमुना गावांच्या गटांतून घेतला जातो. त्यामुळे ही मर्यादा आणखी रुंदावते. दोन सर्वेक्षणांत जिल्हा तीन टक्क्यांनी वर गेला म्हणून जिल्हाधिकाऱ्याची पाठ थोपटणे आणि तीन टक्क्यांनी खाली आला म्हणून त्याला जाब विचारणे, दोन्ही सारखेच निराधार. नंदुरबारची गोष्ट वेगळी. तेथील अंतर २० टक्क्यांहून अधिक आहे आणि कोणत्याही नमुना त्रुटीत ते मावत नाही. नंदुरबारसह महाराष्ट्रातील चार जिल्ह्यांचा २०१८ च्या आकांक्षित जिल्हा कार्यक्रमात समावेश झाला. सरासरीखाली झाकलेले जिल्हे वेगळे काढण्याचा तो एक प्रयत्न होता.

मोजणाऱ्याच्या हाताचाही प्रश्न असतो. मुलाचे वय चुकीचे नोंदवले किंवा उंची घाईत घेतली, की आकड्यांचा पसारा कृत्रिमरीत्या फुगतो आणि रेषेखालील मुलांची संख्या विनाकारण वाढते. रक्तक्षयाच्या बाबतीत वाद तपासणीच्या पद्धतीपर्यंत गेला. कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात बोटाला टोचून घेतलेल्या थेंबावरून तपासणी होते. २०१६-१८ च्या व्यापक राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात शिरेतून रक्त घेतले गेले, तेव्हा एक ते चार वर्षे वयाच्या बालकांत हे प्रमाण ४१ टक्के आढळले. वयोगट थोडा वेगळा असला तरी ५८.६ आणि ४१ यांच्यातील फरक केवळ तेवढ्याने भरून निघत नाही. पुढे सहाव्या फेरीतून रक्तक्षयाची तपासणी वगळण्यात आली आणि ती स्वतंत्र आहार व जैवनिर्देशक सर्वेक्षणाकडे सोपवण्यात आली. अधिक अचूक पद्धत स्वीकारण्याला शास्त्रीय आधार आहे. पण पद्धत बदलली की जुन्या आकड्यांशी तुलनेचा धागा तुटतो. दोन्ही पद्धतींनी एकाच वेळी काही नमुने तपासले, तरच तो जोडता येतो. अन्यथा उद्या आकडा खाली आला, तर तो लोहाच्या गोळ्यांमुळे आला की सुईमुळे, हे सांगता येणार नाही.

करोनाने आणखी एक गुंता केला. पाचव्या सर्वेक्षणाचा पहिला टप्पा जून २०१९ ते जानेवारी २०२० दरम्यान पार पडला, त्यात महाराष्ट्र होता. दिल्ली, उत्तर प्रदेश आणि मध्य प्रदेशासह दुसरा टप्पा एप्रिल २०२१ पर्यंत चालला. टाळेबंदीआधीचा महाराष्ट्र आणि टाळेबंदी सोसलेली दिल्ली यांना एकाच रांगेत उभे करून काढलेले गुणानुक्रम म्हणूनच सावधपणे वाचायला हवेत. शिवाय ही सर्वेक्षणे घरोघरी होतात. उड्डाणपुलाखाली निजणारा किंवा बांधकामाच्या जागी आज असलेला आणि उद्या नसलेला स्थलांतरित मजूर सहसा नमुन्याच्या यादीतच येत नाही. जो मोजलाच गेला नाही, तो सरासरीत नसतो आणि विचलनातही नसतो. नमुन्याचा पायाही २०११ च्या जनगणनेचा आहे. पुढची लोकसंख्या मोजणी २०२७ मध्ये व्हायची असल्याने तो पाया दीड दशकाहून जुना होत चालला आहे.

संसदेला याबाबत बरेच काही करता येण्यासारखे आहे आणि त्यासाठी नव्या कायद्याची गरज नाही. प्रश्न विचारण्याची पद्धत बदलली तरी पुरे. 'देशातील कुपोषणाचे प्रमाण किती' असे विचारले की एक आकडा हाती येतो. 'सर्वांत मागे असलेल्या ५० जिल्ह्यांत अतितीव्र कुपोषित बालकांचे प्रमाण किती, त्या आकड्याची त्रुटीमर्यादा किती आणि गेल्या सर्वेक्षणानंतर राज्यांमधील अंतर वाढले की घटले' असे विचारले, तर मंत्रालयाला परिशिष्टच उत्तराच्या पहिल्या पानावर आणावे लागेल. उत्तराचा मसुदा तयार करणारे अनेक अधिकारी हे जाणतात. पण त्यांच्याकडे विचारणा सरासरीचीच होते आणि नियमानुसार विचारले तेवढेच सांगायचे असते.

पोषण अभियान मार्च २०१८ मध्ये सुरू झाले, तेव्हा २०२२ पर्यंत खुरटलेल्या बालकांचे प्रमाण २५ टक्क्यांवर आणण्याचे उद्दिष्ट ठेवले होते. ते उद्दिष्टही सरासरीचेच होते. केरळ, गोवा आणि पंजाबसारख्या राज्यांत थोडी सुधारणा घडवून ते काही अंशी जवळ आणता येते आणि त्यासाठी सातपुड्याच्या पायवाटा चढाव्या लागत नाहीत. उद्दिष्टाच्या भाषेत तळाच्या जिल्ह्यांचा वेगळा उल्लेख असता, तर या वाटा टाळता आल्या नसत्या. पुढचे उद्दिष्ट ठरेल तेव्हा देशाच्या आकड्याशेजारी नंदुरबारचा आकडा लिहिला जातो की नाही, यावरून ते कोणासाठी ठरवले आहे हे समजेल.